नफा-तोटा पत्रकातली एक ओळ

राजकीय पक्षांच्या पैशावर पीएचडी करतेय असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास हसतो. "त्यात संशोधन कसलं? सगळ्यांना माहीतच आहे की!" माहीत आहे, हे खरंच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याची अडचण अशी की "सगळ्यांना माहीत आहे" याला तळटीप देता येत नाही. कुणी, कुणाला, कधी, किती, हे कुठल्यातरी कागदावर असावं लागतं. त्यामुळे माझा प्रबंध खरं तर पैशाबद्दल कमी आणि कागदाबद्दल जास्त आहे. भारतात कंपन्यांनी पक्षांना दिलेल्या देणग्यांची नोंद कोणत्या काळात ठेवली गेली, कुठल्या कागदावर ठेवली गेली आणि ती कुणी वाचावी म्हणून ठेवली गेली, हे मी शोधतेय. यातला तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो पहिल्यांदा नीट दिसतो १९५७ साली, मुंबई हायकोर्टात.

त्या वर्षी देशात दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. १९५६ चा कंपनी कायदा अगदी ताजा होता आणि कंपनीने पक्षाला देणगी द्यावी की नाही याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मनाई नव्हती, परवानगीही नव्हती. पण कंपनी म्हणजे काही माणूस नव्हे, मनात आलं आणि खिशात हात घातला असं तिला करता येत नाही. तिच्या मेमोरँडममध्ये, म्हणजे तिच्या जन्माच्या वेळी लिहिलेल्या उद्देशांच्या यादीत, जे बसतं तेवढंच तिने करायचं. म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या मेमोरँडममध्ये पक्षनिधीला देणगी देण्याचा उद्देश घालायचं ठरवलं. त्या काळी असा बदल करायचा तर भागधारकांचा विशेष ठराव लागायचा आणि वर कोर्टाची मंजुरीही. एका भागधारकाने हरकत घेतली आणि 'जयंतीलाल रणछोडदास कोटिचा विरुद्ध टाटा आयर्न अँड स्टील' या नावाने ते प्रकरण अपिलात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यासमोर आलं.

छागलांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कायद्यात मनाई नाही, भागधारकांच्या बहुमताने ठराव केलेला आहे, मग आम्ही अडवायचं कशाच्या जोरावर, असा साधारण सूर. पण निकाल तिथे थांबत नाही. शेवटाकडे येताना ते थेट संसदेला उद्देशून बोलतात: कंपन्यांना पक्षांच्या तिजोरीत पैसे टाकायला मोकळीक देण्यात मोठा धोका आहे, हा धोका वाढत जाईल आणि एक दिवस इथल्या लोकशाहीचा गळा आवळू शकेल, तेव्हा संसदेने यात लक्ष घालावं. त्याच वर्षी कलकत्ता हायकोर्टात इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीचा असाच अर्ज न्या. पी. बी. मुखर्जी यांच्यापुढे आला. त्यांनीही मंजुरी दिली आणि त्यांनीही इशारा दिला, उलट जास्त तिखट शब्दांत. कुत्सित माणसाला वाटेल की सत्तेवर असलेल्या सरकारला लाच देण्यासाठी कंपनी कायद्याचा शिक्का मागतेय, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य आहे.

एकाच वर्षात दोन हायकोर्टं "हो" म्हणतात आणि त्याच दमात "हे बरं नाही" असंही म्हणतात. हे निकाल बहुतेक ठिकाणी उद्धृत होतात ते त्या इशाऱ्यांसाठी. मला मात्र त्यात एक वेगळीच गोष्ट खटकते. कोर्टात उभं कोण होतं? मतदार नव्हता. त्याला उभं राहायला जागाच नव्हती. हरकत घेणारा भागधारक होता आणि त्याचा हक्क एवढाच की हा पैसा माझाही आहे. छागलांच्या डोळ्यांसमोर मतदार होता हे त्यांच्या भाषेवरून स्पष्ट दिसतं, पण त्यांच्या हातात होता तो कंपनी कायदा. त्या कायद्याच्या जगात माणसं दोनच: संचालक आणि भागधारक. मतदाराचं नाव त्यात कुठेच नाही. पुढची साठ-पासष्ट वर्षं आपण याच जागी अडकलो, असं माझं म्हणणं आहे.

(जाता जाता: हेच छागला काही महिन्यांनी, १९५८ च्या सुरुवातीला, मुंदडा प्रकरणाच्या चौकशी आयोगावर बसले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर का घेतले याची ती चौकशी. ती त्यांनी मुंबईत उघडपणे चालवली, गर्दी मावेना म्हणून बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. लोकांना कळलं पाहिजे, यावर या न्यायाधीशाचा विश्वास केवळ निकालातल्या वाक्यांपुरता नव्हता.)

संसदेने इशारा ऐकला, पण कंपनी कायद्याच्या कानाने ऐकला. १९६० च्या दुरुस्तीने कलम २९३-ए आलं. कंपनीने एका वर्षात २५,००० रुपये किंवा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यातली जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत देणगी द्यावी. 'मोठी' या शब्दाकडे लक्ष द्या, कारण त्यामुळे नफा नसलेली कंपनीही २५,००० देऊ शकत होती. आणि दुसरी अट: नफा-तोटा पत्रकात रक्कम दाखवायची आणि पक्षाचं नावही लिहायचं.

हीच ती ओळ. लेखाचं शीर्षक तिच्यावरून आहे. १९६० च्या दशकातले वार्षिक अहवाल हाताशी असतील तर कुठल्या कंपनीने कुठल्या पक्षाला किती दिले, हे आज पन्नास-साठ वर्षांनी वाचता येतं. जाड कागद, बारीक टाइप, पगार-बोनस-घसाऱ्याच्या रकान्यांमध्ये दडलेली एक ओळ. मतदारासाठी ती लिहिलेली नव्हती. गावातला माणूस कशाला पोलाद कंपनीचा अहवाल वाचायला जातोय? पण छापलेली होती, आणि छापलेली गोष्ट कुणीही वाचू शकतं.

या छापील ओळीने माणसांच्या वागण्यात काय फरक पडतो, याचं माझं आवडतं उदाहरण १९६१ चं आहे. १९५९ मध्ये राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला होता, मिनू मसानी त्यात होते, आणि मसानी एके काळी टाटांकडेच कामाला होते. जे. आर. डी. टाटांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवलं की आम्ही काँग्रेसला मदत करूच, पण स्वतंत्र पक्षालाही करणार आहोत, कारण एकाच पक्षाचं वर्चस्व दीर्घकाळ राहणं देशाच्या हिताचं नाही. नेहरूंनी उत्तर दिलं: तुम्हाला हवी त्याला मदत करायला तुम्ही मोकळे आहात. स्वतंत्र पक्षाबद्दलचं आपलं प्रतिकूल मतही त्यांनी लपवलं नाही. दोघांच्या सभ्यतेचं कौतुक करून हा किस्सा नेहमी संपवला जातो. सभ्यता होतीच. पण माझा तर्क असा की त्या सभ्यतेला कायद्याचाही हातभार होता. रक्कम आणि पक्षाचं नाव वर्षअखेरीस छापून येणारच होतं, मग आधीच सांगितलेलं बरं. विरोधकांना पैसे देणारा उद्योगपती उजेडात आला तर सत्ताधारी त्याला त्रास देतील, हा युक्तिवाद पुढे कसा आणि कधी वापरला गेला ते येईलच, तोपर्यंत हे पत्र लक्षात ठेवा.

मग १९६९ उजाडलं. मधल्या काळात भ्रष्टाचार निर्मूलनावरच्या संथानम समितीने १९६४ च्या अहवालात कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी सुचवली होती. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचा बऱ्याच राज्यांत पाडाव झाला आणि ४४ जागा घेऊन स्वतंत्र पक्ष लोकसभेत सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. या दोन गोष्टींपैकी सरकारला बंदीकडे नेणारी नेमकी कुठली, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. बहुतेकांचा कल दुसरीकडे आहे, आणि माझाही. २८ मे १९६९ पासून कंपन्यांना पक्षांना देणगी देणं बेकायदा झालं. त्याच्या जोडीला सरकारी तिजोरीतून निवडणूक खर्चाची काहीही सोय झाली नाही. निवडणुका मात्र दिवसेंदिवस महाग होत गेल्या.

बंदीचा परिणाम काय झाला? नैतिकदृष्ट्या योग्य-अयोग्य जे असेल ते असो, माझ्यासारखीला दिसतं ते असं: ती ओळ गेली. जी गोष्ट करायलाच मनाई आहे ती नफा-तोटा पत्रकात कोण छापेल? पैसा थांबला नाही, नोंद थांबली. १९६० ते ६९ या नऊ वर्षांचा कागद आहे आणि त्यानंतर एकदम अंधार. 'ब्रीफकेस' हा शब्द आपल्या राजकीय बोलीत शिरला तो या अंधारात.

पण अंधारातही पैशाला काही ना काही रूप घ्यावं लागतं, आणि इथे एक शब्द फार कामाला येतो: स्मरणिका. मराठी वाचकाला स्मरणिका समजावून सांगायची गरज नाही. गणेशोत्सव मंडळाची असते, नाट्य परिषदेची असते, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची असते. आत अध्यक्षांचं मनोगत, मग पानंच्या पानं 'शुभेच्छुक'. ती जाहिरात वाचून कुणी दुकानात जात नाही हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. ती वर्गणीच असते, फक्त पावतीवर 'जाहिरात' लिहिलेलं असतं. १९७० च्या दशकात पक्षांनी हेच केलं. स्मरणिका काढायची, एका पानाचे अवाच्या सवा पैसे लावायचे, आणि कंपनीने ते 'जाहिरात खर्च' म्हणून दाखवायचे. यातली खरी मेख पुढे आहे. जाहिरात हा धंद्याचा खर्च, म्हणून तो उत्पन्नातून वजा होतो आणि तेवढा आयकर कमी भरावा लागतो. म्हणजे त्या देणगीतला काही भाग सरकारी तिजोरीतून, पर्यायाने तुमच्या-आमच्या खिशातून, गेला.

हे किती चाललं होतं याचा पुरावा देणगीच्या नोंदीत सापडत नाही, तो सापडतो कायद्याच्या भाषेत. १९७८ च्या दुरुस्तीने आयकर कायद्यात कलम ३७(२बी) आलं: राजकीय पक्षाने काढलेल्या स्मरणिका, माहितीपत्रक, पत्रिका वगैरेतल्या जाहिरातीचा खर्च वजा मिळणार नाही. १९८५ मध्ये कंपनी कायद्यातही तरतूद झाली, अशी जाहिरात ही देणगीच समजली जाईल. स्मरणिकेसारखी बापुडी वस्तू केंद्रीय कायद्यात दोन-दोनदा नाव घेऊन येते, तेव्हा तिने काय काय पाहिलं असेल याचा अंदाज यावा.

याच दशकात दुसऱ्या बाजूने, म्हणजे खर्चाच्या बाजूने, एक दार उघडलं आणि लगेच बंद झालं. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा होती, पक्षाच्या खर्चाला नव्हती. १९७१ च्या निवडणुकीत दिल्ली सदर मतदारसंघातून काँग्रेसचे अमरनाथ चावला निवडून आले, त्यांच्याविरुद्ध जनसंघाचे कंवरलाल गुप्ता कोर्टात गेले. ३ ऑक्टोबर १९७४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की उमेदवाराच्या निवडणुकीसाठी पक्षाने त्याच्या माहितीने केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरला पाहिजे. निवडणूक रद्द झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि वर्ष संपायच्या आत कायदाही झाला: पक्षाने किंवा हितचिंतकांनी केलेला खर्च उमेदवाराचा धरायचा नाही. निकालाचं आयुष्य तीन आठवडेसुद्धा नाही. २००३ पर्यंत ही पळवाट जशीच्या तशी राहिली.

आपल्याकडची, महाराष्ट्रातली, या काळातली सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे १९८१ चं सिमेंट प्रकरण. सिमेंटची तेव्हा टंचाई होती आणि ते कोट्याने मिळायचं. मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्याशी जोडलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान वगैरे ट्रस्टना बिल्डरांनी देणग्या दिल्या आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळाला, असा आरोप अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मधून केला. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. जानेवारी १९८२ मध्ये न्या. लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुलेंनी राजीनामा दिला. (फौजदारी खटला पुढे अनेक वर्षं कोर्टांतून फिरत राहिला, त्यात त्यांना शिक्षा झाली नाही. हेही सांगायला हवं.)

हे प्रकरण मी इथे आणतेय ते वेगळ्या कारणासाठी. ट्रस्ट म्हणजे पक्ष नव्हे, त्यामुळे १९६९ ची बंदी तिथे जशीच्या तशी लागू होत नव्हती. पण ट्रस्टला बँकखातं लागतं, हिशेब लागतो, देणगीदाराचं नाव लागतं. पैसा ज्या घरात शिरला तिथे वही होती, म्हणून तो सापडला. त्याच वर्षांत थेट पक्षांकडे रोखीने जे गेलं असेल त्याच्यावर असा निकाल लिहिता येणंच शक्य नव्हतं.

पुढचा भाग भराभर सांगते, कारण तो बराचसा वाट पाहण्याचा आहे. १९८५ मध्ये बंदी उठली: तीन वर्षं जुन्या खासगी कंपनीला सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत देणगी देता येऊ लागली आणि नफा-तोटा पत्रकातली ती ओळ परत आली. पण सोळा वर्षांत लागलेली सवय कायद्याने जात नाही, रोखीची वाट रुळली होती. पक्षांना आयकरात माफी १९७९ पासूनच होती, अट एवढीच की हिशेब ठेवायचे आणि मोठ्या देणगीदारांची नावं लिहायची. बऱ्याच पक्षांनी माफी घेतली आणि विवरणपत्रं भरलीच नाहीत. हे १९९६ मध्ये 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. त्याच वर्षी टाटांनी देणग्या वाटण्यासाठी स्वतंत्र इलेक्टोरल ट्रस्ट काढला. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्या अर्जावरून हे सगळं सुरू झालं त्यांनीच ठरावीक पद्धतीने, चेकने पैसे देण्याचा रस्ता आखला, हा योगायोग मला आवडतो.

२००३ मध्ये एक महत्त्वाचं पाऊल पडलं: २०,००० रुपयांवरच्या देणग्यांची यादी पक्षांनी निवडणूक आयोगाला द्यायची. आता वाचक कंपनीबाहेरचा होता. अर्थात २०,००० च्या खाली नाव नाही, त्यामुळे 'छोट्या देणगीदारां'ची संख्या अचानक फार वाढली. २००८ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने पक्षांची आयकर विवरणपत्रं माहितीच्या अधिकारात खुली केली. २०१३ मध्ये आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष या कायद्याखाली येतात असं सांगितलं, ते मात्र पक्षांनी मानलं नाही. या एका बाबतीत आपल्याकडे सर्वपक्षीय एकमत आहे.

नवा कंपनी कायदा २०१३ चा. कलम १८२, मर्यादा साडेसात टक्के, पत्रकात रक्कम आणि पक्षाचं नाव. म्हणजे १९६० चीच ओळ, नव्या क्रमांकाने. आणि मग २०१७ चं वित्त विधेयक. टक्केवारीची मर्यादा काढली, त्यामुळे तोट्यातल्या कंपनीलाही वाट्टेल तेवढं देता येऊ लागलं. पत्रकात एकूण रक्कम ठेवली आणि पक्षाचं नाव काढलं. सोबत निवडणूक रोखे आणले: स्टेट बँकेतून विकत घ्यायचे, पक्षाला द्यायचे, कुणी कुणाला दिले ते जनतेला कळणार नाही. सरकारचं समर्थन दोन मुद्द्यांवर होतं. रोखीतला पैसा बँकेतून येईल, आणि देणगीदाराला सूडाची भीती राहणार नाही. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. दुसऱ्यापाशी मला जे. आर. डीं.चं पत्र आठवतं. शिवाय भीती ज्याची वाटते तो सत्ताधारीच सरकारी बँकेच्या सर्वांत जवळ उभा होता. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने तेव्हा लेखी आक्षेप घेतले होते.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ही योजना रद्द केली. तोवर सुमारे १६,५०० कोटींचे रोखे विकले गेले होते. मार्चमध्ये आधी दोन वेगळ्या याद्या आल्या, घेणाऱ्यांची एक आणि वटवणाऱ्या पक्षांची दुसरी. दोन्हींना जोडणारे रोख्यांचे क्रमांक कोर्टाने पुन्हा बजावल्यावर आठवड्याभराने बाहेर आले. बातम्या त्या याद्यांच्या झाल्या, ते साहजिकच होतं.

मी मात्र निकालातलं कलम १८२(३) शोधत होते. पत्रकातून पक्षाचं नाव काढणारी २०१७ ची दुरुस्ती कोर्टाने रद्द केली, आणि तिचं कारण भागधारकाच्या पैशाशी जोडलेलं नाही. कारण दिलंय ते घटनेच्या कलम १९(१)(अ) चं, मतदाराच्या माहितीच्या हक्काचं. १९५७ मध्ये ज्याला कोर्टात उभं राहायला जागा नव्हती, त्याच्या नावाने कंपनीच्या हिशेबातली ती ओळ परत लिहिली गेली.

तुमच्याकडे एखाद्या कंपनीचे चार-दोन शेअर असतील तर तिचा वार्षिक अहवाल ईमेलवर येतोच, आणि नसतील तरी सूचीबद्ध कंपन्यांचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर असतात. 'इतर खर्च'च्या खालच्या टिपा उघडा आणि राजकीय देणगी किंवा कलम १८२ शोधा. पुढच्या भागात १९६२ च्या निवडणुकीआधीच्या अशाच काही टिपा घेऊन बसूया.